ब्रेड घरचाच, पण कुणासाठी?

तुमच्या घरात कुणाला ‘ब्रेड-पोळी बंद करा’ असं सांगितलंय का? सांगणारे कधी डॉक्टर असतात, कधी जिममधला ट्रेनर, तर कधी रोज सकाळी रील पाठवणारी मावशी. मग पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणीतरी फोनवर ‘लो-कार्ब, ग्लुटेन-फ्री ब्रेड’ शोधतं, बदामाचं पीठ ऑर्डर होतं आणि रविवारी सकाळी ओव्हन सुरू होतो.

ब्रेड आपण करणारच आहोत. कृती, मापं, ओव्हन नसेल तर काय, अंडं चालत नसेल तर काय, हे सगळं खाली आहे. पण पीठ मोजायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. हा ब्रेड घरात नेमका कुणासाठी करताय?

‘लो-कार्ब’ आणि ‘ग्लुटेन-फ्री’ हे दोन शब्द इतक्या वेळा एकत्र ऐकू येतात, की आपल्याला ते जुळे भाऊ वाटायला लागतात. खरं तर त्यांचं एकमेकांशी नातंच नाही. एकाचा संबंध रक्तातल्या साखरेशी आहे, दुसऱ्याचा आतड्याशी. हा घोळ झाला की ज्याच्यासाठी आपण एवढा खटाटोप करतो, त्याच्याच ताटात नको ती गोष्ट पडते.

उपवासाच्या खिचडीवरून समजून घेऊ

साबुदाण्याची खिचडी डोळ्यांसमोर आणा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप, मिरची. यात गहू कुठेच नाही, म्हणजे खिचडी ग्लुटेन-फ्री आहे. राजगिरा, वरई, शिंगाड्याचं पीठ, कुट्टू हेही ग्लुटेन-फ्री. आपलं उपवासाचं ताट जवळजवळ सगळंच तसं असतं. पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कार्ब असतात. मधुमेह असलेल्या माणसाने ‘ग्लुटेन-फ्री आहे ना’ म्हणून वाटीभर खिचडी खाल्ली, तर साखर चढायची ती चढणारच.

बाजारातल्या ग्लुटेन-फ्री ब्रेडचंही बहुतेक वेळा असंच असतं. पाकिटामागची यादी वाचा. तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, टॅपिओका, बटाट्याचा स्टार्च. गहू काढला आणि त्याच्या जागी स्टार्च भरला.

आता उलट बाजू. ‘कीटो ब्रेड’ किंवा ‘लो-कार्ब आटा’ म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या काही पाकिटांवर ‘व्हायटल व्हीट ग्लुटेन’ असं छापलेलं असतं. म्हणजे गव्हातला स्टार्च धुऊन टाकून उरलेलं निव्वळ ग्लुटेन. त्यात कार्ब कमी असतात, प्रथिनं भरपूर असतात आणि ब्रेडही छान फुगतो. पण सिलिअॅक आजार असलेल्या माणसासाठी ते साध्या ब्रेडपेक्षाही वाईट.

म्हणून पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय, ते नंतर. आधी पाकीट उलटं करा.

ग्लुटेन कुणी टाळायचं?

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांचं रबरासारखं जाळं तयार होतं. तेच ग्लुटेन. कणीक ताणली जाते, पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, ते यामुळेच. गव्हाशिवाय जव, म्हणजे बार्ली, आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिनं असतात.

बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. सिलिअॅक आजारात मात्र ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्न शोषून घेणारी तिथली बारीक लव झिजते. मग जुलाब, पोट फुगणं, लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा अॅनिमिया, मुलांचं वजन-उंची न वाढणं अशा तक्रारी सुरू होतात. काहींना पोटाचा त्रास जाणवतच नाही, नुसता थकवा असतो.

गव्हाचा हा दोष लक्षात आला तो विलेम-कारेल डिक या डच बालरोगतज्ज्ञामुळे. त्यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली आणि ब्रेड मिळेनासा झाला. तेव्हा त्यांची सिलिअॅकची बालरुग्ण मुलं चक्क सुधारली. ब्रेड परत मिळू लागला, तशी ती पुन्हा आजारी पडली. या आजारावर आजही मुख्य उपचार तोच आहे. आयुष्यभर ग्लुटेन पूर्ण बंद.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. संशय आला म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका. सिलिअॅकसाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करतात आणि गरज पडल्यास एंडोस्कोपीतून आतड्याचा छोटा तुकडा तपासतात. माणूस गहू खात असतानाच या तपासण्या खरं उत्तर देतात. दोन-तीन महिने गहू सोडून मग तपासणीला गेलात, तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आधी डॉक्टर, मग ब्रेड.

आणि आपल्याकडचा एक गैरसमज. खपली गहू पचायला हलका म्हणून हल्ली पुन्हा घरोघरी येतोय. पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन असतं. रवा, मैदा, दलिया, शेवया, मल्टिग्रेन पीठ, नाचणीच्या नावाने विकला जाणारा पण मैद्यावर उभा असलेला ब्रेड, हे सगळं याच यादीत.

कार्ब कुणी कमी करायचे?

मधुमेह, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणं, किंवा वजन उतरवायचं ठरवणं, ही त्याची नेहमीची कारणं. पोळीसाठी सुमारे ३० ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यातून साधारण २० ग्रॅम कार्ब मिळतात. ज्वारीची मध्यम भाकरी ५० ते ६० ग्रॅम पिठाची धरली, तर ३५ ते ४० ग्रॅम. म्हणजे भाकरी ग्लुटेन-फ्री आहे, पण लो-कार्ब नाही.

यात धोका कुठे आहे? जो माणूस इन्सुलिन घेतो किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो, त्याने जेवणातले कार्ब एकदम कमी केले आणि औषध तेवढंच ठेवलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं, कधी बेशुद्धी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असताना कार्ब फारच कमी केले, तर रक्तात आम्ल वाढण्याचा, म्हणजे कीटोअॅसिडोसिसचा धोका असतो. बाबांसाठी सकाळच्या दोन पोळ्यांच्या जागी हा ब्रेड सुरू करणार असाल, तर त्यांच्या डॉक्टरांना आधी एक फोन करा.

आणि सिलिअॅक असलेलं लहान मूल? त्याला ग्लुटेन नको, कार्ब मात्र हवेत. वाढतं वय, त्यात आधीच झिजलेलं आतडं. त्याला भात, भाकरी, इडली, पोहे पोटभर खाऊ द्या. रोजच्या जेवणात सगळीकडे बदामाचा ब्रेड देऊन त्याचे कार्ब कापू नका. टाइप-१ मधुमेह आणि सिलिअॅक हे दोन्ही आजार एकाच मुलात असण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. अशा वेळी तर किती कार्ब आणि किती इन्सुलिन हा हिशेब डॉक्टरच घालून देतील.

मग हा दोन्ही अटी पाळणारा ब्रेड कुणासाठी? ज्यांना दोन्हीची गरज आहे त्यांच्यासाठी, आणि ज्या घरात एकाला साखर सांभाळायची आहे, दुसऱ्याला गहू चालत नाही आणि दोघांना एकाच टेबलावर नाश्ता करायचाय, त्या घरासाठी.

गहू नाही, मग ब्रेड उभा कसा राहतो?

गव्हाच्या ब्रेडमध्ये यीस्ट गॅस तयार करतं आणि ग्लुटेनचं जाळं तो गॅस धरून ठेवतं. जाळं काढलं की गॅस निसटतो आणि ब्रेडची वीट होते. म्हणून ही कामं आपल्याला वाटून द्यावी लागतात.

धरून ठेवायचं काम करतो इसबगोल. हो, तोच, आजोबांच्या कपाटातला. पाण्यात पडला की तो फुगतो आणि चिकट जेल तयार करतो. तो जवळजवळ सगळाच तंतू असल्यामुळे साखर वाढवत नाही. परदेशी रेसिपींमध्ये ‘सायलियम हस्क’ म्हणून जे महागडं साहित्य दिसतं, ते हेच. जगात इसबगोल सर्वात जास्त भारतातच पिकतो आणि गुजरातमधलं उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या, बिनसाखरेच्या, बिनस्वादाच्या पाकिटाने काम भागतं.

आकार पक्का करायचं काम अंडं करतं. भाजताना त्यातली प्रथिनं घट्ट होतात. फुगवायचं काम बेकिंग पावडरचं. आणि अंग देतात बदामाचं पीठ आणि जवस, म्हणजेच अळशी. १०० ग्रॅम कणकेत साधारण ६५ ते ७० ग्रॅम कार्ब असतात. तेवढ्याच बदामाच्या पिठात तंतू वगळले तर सुमारे १० ग्रॅम. जवसातले तर जवळजवळ सगळेच कार्ब तंतूच्या रूपात असतात.

आधी कपातला ब्रेड करून बघा

पहिल्याच दिवशी पाव किलो बदाम पणाला लावू नका. मायक्रोवेव्ह असेल तर एका माणसाचा ब्रेड पाच मिनिटांत होतो आणि चव आवडते का तेही कळतं.

• बदामाचं पीठ ३० ग्रॅम, म्हणजे साधारण ४ मोठे चमचे
• अंडं १
• वितळलेलं लोणी किंवा तूप १ मोठा चमचा
• बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा
• मीठ चिमूटभर

सरळ कडांच्या कपात सगळं काट्याने फेटा. मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण पॉवरवर ९० सेकंद ठेवा. कप उलटा करून गोळा बाहेर काढा, दोन मिनिटं थांबा, आडवे तीन काप करा आणि तव्यावर थोड्या तुपात खरपूस भाजा. तव्यावर भाजायची पायरी गाळू नका. तिच्याशिवाय तो ओलसर केकसारखा लागतो.

हा आवडला, तर मोठ्या लोफकडे वळा.

घरचा लोफ : साधारण १४ काप

• बदामाचं पीठ २०० ग्रॅम
• जवसाची बारीक पूड ४० ग्रॅम
• इसबगोल ३० ग्रॅम, मिक्सरमध्ये पूड करून
• बेकिंग पावडर २ छोटे चमचे
• मीठ १ छोटा चमचा
• अंडी ४, फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेली
• तेल किंवा वितळलेलं तूप २ मोठे चमचे
• व्हिनेगर किंवा लिंबाचा रस २ छोटे चमचे
• कोमट पाणी १८० मिली
• वरून तीळ

इथे वजनकाटा वापराच. इसबगोल चमच्याने मोजला तर भरड आणि बारीक यांत मोठा फरक पडतो आणि सगळा पोतच बदलतो.

१. बदामाचं पीठ घरी करायचं असेल, तर बदाम गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवून साल काढा आणि पंख्याखाली रात्रभर पूर्ण कोरडे करा. थोडे थोडे घेऊन, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा आणि चाळा. सलग फिरवलंत तर तेल सुटून लोणी होईल. सालासकट केलं तरी चालतं, ब्रेड थोडा काळपट होतो इतकंच.

२. ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापत ठेवा. ८ इंच लांब आणि ४ इंच रुंद टिनला बटर पेपर लावा.

३. कोरडं साहित्य एका भांड्यात चाळून एकत्र करा. इसबगोलाची गुठळी राहिली, तर ती ब्रेडमध्ये जेलीसारखी दाताखाली येते.

४. दुसऱ्या भांड्यात अंडी दोन मिनिटं फेसून घ्या. त्यात तेल आणि व्हिनेगर घाला.

५. ओलं मिश्रण कोरड्यात ओता, लगेच कोमट पाणी घाला आणि भराभर ढवळा. मिनिटभरात ते घट्ट होऊ लागेल. भिजवलेल्या वड्याच्या डाळीच्या वाटणासारखं दिसलं की बरोबर.

६. टिनमध्ये भरा, ओल्या हाताने वरचा भाग गुळगुळीत करा, तीळ पेरा आणि लगेच ओव्हनमध्ये ठेवा. यात यीस्ट नाही, त्यामुळे फुगायला ठेवायचं नसतं.

७. ५५ ते ६० मिनिटं भाजा. वरून लवकर लाल झाला तर फॉइल झाका. लोफ बाहेर काढून तळाशी टकटक करा. पोकळ आवाज आला की झाला.

८. पूर्ण थंड झाल्यावरच कापा. निदान दीड तास. गरम असताना आतला जेल बसलेला नसतो, सुरी फिरवली की सगळा चिकटतो.

ओव्हन नाही? अंडं चालत नाही?

ओव्हन नसेल, तर अप्पेपात्र काढा. वरचंच मिश्रण निम्म्या मापाने करा, तेल लावलेल्या वाट्यांत भरा, झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं भाजा. छोटे छोटे पाव होतात, मुलांना डब्यात द्यायला सोयीचे. कुकरमध्ये करायचं असेल तर रिंग आणि शिटी दोन्ही काढा, तळाशी मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा, दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर साधारण ७० मिनिटं द्या. पाणी घालायचं नाही.

अंडं न खाणाऱ्यांनी उंच लोफचा हट्ट सोडलेला बरा. चार अंड्यांऐवजी १५० ग्रॅम घट्ट दही घ्या, इसबगोल ४५ ग्रॅम करा, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घाला, आणि मऊ कणकेसारखा गोळा होईल इतकंच कोमट पाणी हळूहळू घाला. चपटे पाव वळून १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजा. नाहीतर थालीपिठासारखं थापून तव्यावर झाकण ठेवून भाजा. खरं सांगायचं तर तव्यावरचंच जास्त चविष्ट लागतं. कांदा, कोथिंबीर, ओवा घाला आणि ताज्या लोण्याबरोबर खा.

काही बिघडलं तर

मधे खचला : पाणी जास्त झालं किंवा आतून कच्चा राहिला. पुढच्या वेळी पाणी २० मिली कमी आणि वेळ दहा मिनिटं जास्त.

आत मोठी पोकळी, वर टोपी : इसबगोल जास्त पडला किंवा मिश्रण टिनमध्ये नीट दाबलं नाही.

अंड्याचा वास येतो : काप तव्यावर खरपूस भाजा. पिठात ओवा किंवा भाजलेलं जिरं घाला.

जांभळट रंग आला : घाबरू नका. काही कंपन्यांच्या इसबगोलाला भाजल्यावर असा रंग येतो. खायला हरकत नाही, पुढच्या वेळी दुसरं पाकीट घ्या.

हिरवा रंग आला : वर किंवा आत सूर्यफुलाच्या बिया घातल्या होत्या का? त्यांची सोड्याशी प्रक्रिया होऊन हिरवट छटा येते. हीसुद्धा बुरशी नाही.

खरी बुरशी मात्र या ब्रेडला लवकर लागते, कारण तो ओलसर असतो आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. मुंबई, गोवा, चेन्नईसारख्या दमट हवेत थंड झाला की थेट फ्रिजमध्ये. तिथे चार-पाच दिवस टिकतो. काप करून, मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवलात तर महिनाभर.

घरात सिलिअॅक असेल तर ब्रेडपेक्षा स्वयंपाकघर महत्त्वाचं

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमानुसार, ज्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही, त्यालाच ग्लुटेन-फ्री म्हणता येतं. हे किती कमी आहे? एक किलो ज्वारीच्या पिठात साधारण पाव ग्रॅम कणीक मिसळली, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटभर.

आता आपली गिरणी आठवा. आधीच्या ताईंचा गहू दळून झाला, त्याच जात्यात आपली ज्वारी पडली. पहिल्या ओंजळीत किती कणीक आली असेल? म्हणून अशा घरात ज्वारी-बाजरी घरच्या छोट्या चक्कीवर दळा, किंवा ग्लुटेन-फ्री असं प्रमाणित केलेलं पीठ घ्या. घरची चक्कीही गव्हासाठी वापरायची नाही.

आणखी काही जागा जिथे गहू लपून बसतो :

• हिंग. बाजारातल्या बऱ्याच बांधणीच्या हिंगांत गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीमागे वाचा, तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो.
• सोया सॉस. बहुतेकांत गहू असतो.
• ओट्स. शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाबरोबर मिसळतात, म्हणून प्रमाणित असतील तरच.
• बेकिंग पावडर. त्यातला स्टार्च मक्याचा आहे ना, ते बघा.
• पोळपाट-लाटणं, लाकडी चमचे, चाळणी आणि टोस्टर. हे वेगळे ठेवा.
• तळणीचं तेल. ज्यात पुऱ्या किंवा समोसे तळले, त्यात त्याचे साबुदाणे वडे नकोत.

ब्रेड भाजताना त्याच ओट्यावर पोळ्या लाटत असाल, तर आधी ब्रेड उरका. कोरड्या कणकेची धूळ हवेत उडते आणि मग सगळीकडे बसते.

खर्च आणि कॅलरीचा सरळ हिशेब

वरच्या लोफचे १४ काप केले, तर एका कापात तंतू वगळून साधारण २ ग्रॅम कार्ब येतात. बाजारातल्या साध्या ब्रेडच्या कापात १२ ते १५ ग्रॅम. हा फरक मोठा आहे. पण कॅलरी बघा. आपल्या एका कापात सुमारे १४० कॅलरी, साध्या ब्रेडच्या कापात ७० ते ८०. बदाम म्हणजे तेल, आणि तेल म्हणजे कॅलरी. वजन उतरवायचंय म्हणून हा ब्रेड खाणार असाल, तर दोन काप पुरे. पोट त्यातच भरतं.

पैशाचं बोलायचं तर बदाम किलोला हजार रुपये धरले, तरी नुसत्या बदामाचेच दोनशे रुपये होतात. रोजच्या वापराला हे सगळ्यांना परवडणारं नाही. निम्मे बदाम आणि निम्मे कच्चे शेंगदाणे दळून घेतले, तर खर्च बराच उतरतो. दाण्याची चव येते, लसणाच्या चटणीबरोबर ती वाईट लागत नाही. कलिंगडाच्या बियांचा मगजही बदामाऐवजी चालतो. घरी कुणाला सुक्यामेव्याची किंवा दाण्याची अॅलर्जी असेल, तर मगजच वापरा, पण त्याचीही अॅलर्जी नाही ना, ते आधी विचारून घ्या.

आणखी दोन सूचना. इसबगोल आहे, म्हणून या ब्रेडबरोबर पाणी भरपूर प्या. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्यात अडथळ्याचा त्रास होऊन गेलाय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. रोजच्या गोळ्या आणि हा ब्रेड यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, कारण इसबगोल काही औषधांचं शोषण कमी करू शकतो. किडनीचा आजार असलेल्यांनाही बदाम-जवस किती चालतील, ते विचारूनच.

आणि ज्यांना काहीच झालेलं नाही?

तुम्हाला ना सिलिअॅक, ना मधुमेह, ना गव्हाची अॅलर्जी, तर पोळीला घाबरायचं कारण नाही. चांगली कणीक, सोबत डाळ, भाजी, काकडीची कोशिंबीर, हे जेवण उत्तम आहे. हा ब्रेड हौस म्हणून करा, बदल म्हणून खा. आणि घरात ज्याला खरंच गहू चालत नाही, त्याला सोबत म्हणून तर जरूर खा.

कारण पथ्यात सर्वात जास्त काय टोचतं, हे ज्याला विचाराल तो सांगेल. सगळ्यांच्या ताटात एक आणि आपल्या ताटात वेगळं. वाढदिवसाला केक कापला जातो आणि त्या मुलाच्या हातात चिप्सचं पाकीट येतं. पंगतीत यजमान ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणून पुरी वाढतात आणि आजोबा किंवा मूल नाही म्हणता म्हणता अवघडून जातं. तुम्ही त्या यजमानांच्या जागी असाल, तर आग्रह करू नका. त्याला काय चालतं ते आधी विचारा, आणि जमलं तर तेवढी एक गोष्ट सगळ्यांसाठीच करा.

या रविवारी सुरुवात कपातल्या ब्रेडने करा. घरात ज्याच्यासाठी करताय, पहिला घास त्याला द्या आणि त्याला काय वाटतं ते विचारा. त्याला आवडला, तरच पाव किलो बदाम आणा. नाही आवडला, तर तवा तापलेलाच आहे, गरम भाकरी थापा किंवा अंड्याचं ऑम्लेट करा. त्याच्या पथ्यात बसणारं काही ना काही आपल्या स्वयंपाकघरात नक्की सापडतं.